शोधकाने धाडली परात

गोरेगावात सप्ताहाचा भंडारा उरकला की दुसरा दिवस भांड्यांचा. पंचांगात तो सापडणार नाही, पण पाळला जातो एकादशीपेक्षा कडक. गावजेवणासाठी घराघरांतून मागून आणलेली पातेली, पराती, बादल्या, वगराळी देवळाच्या सभामंडपात घासून उपडी मांडलेली असतात आणि आपापलं भांडं ओळखून न्यायला गावातल्या साऱ्या बाया एकाच वेळी येतात. एकीची परात दुसरीच्या काखेत जाते, एका पातेल्याचं झाकण परक्या पातेल्याशी घरोबा करतं, आणि दिवस मावळेपर्यंत निदान चार घरांचं बोलणं बंद पडतं. ते पुढच्या सप्ताहापर्यंत बंदच राहतं. तेव्हा मात्र पुन्हा भांडी मागायला जावंच लागतं, म्हणून सुरू होतं.

हा प्रकार यंदा कायमचा बंद करायचा, असं शिवप्रसादने ठरवलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण ज्याला कोणी सांगत नाही तोच गावाचं भलं करायला निघतो, हा जुना अनुभव आहे.

शिवप्रसाद पुण्याच्या एका कंपनीचं काम गोरेगावात घरी बसून करत असे. पगार दर महिन्याला येई, पण तो गावाला दिसत नसे. गावाला दिसे ते एवढंच की शेषरावांचं शिकलेलं पोरगं दिवसभर माडीवर बसतं, पडद्याकडे बघून ओठ हलवतं आणि मधूनच एकटंच हसतं. शेजारचे लिंबाजीकाका, जे भंडारा कमिटीचेही प्रमुख होते, ते शेषरावांना अधूनमधून धीर देत. "हुशार पोरगं होतं हो. होईल बराबर. माझ्या मेव्हण्याचं बी असंच झालतं, म्हसोबाला नेलं तं निघालं."

त्या महिन्यात शिवप्रसादने एक क्लास लिहिला होता. त्याच्या आई मालनबाईंनी हे मोठ्या कौतुकाने गल्लीत सांगितलं आणि लगोलग लिंबाजीकाका सल्ला घेऊन माडीवर आले. "क्लास काढायचा तं दहावीच्या गणिताचा काढ. बसस्टँडाजवळ गाळा रिकामा हाय. पण फी आधी घे, आपल्या गावात मागून देत न्हाई कोणी."

"काका, हा तसला क्लास न्हाई," शिवप्रसाद म्हणाला. "हा सोऱ्या हाय."

इथे वाचकांनाही ते समजून घेणं भाग आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ या सोऱ्यातून निघाला. कोणत्याही माहितीच्या साठ्यात काही शोधायचं, सापडलेलं नीट रांगेत मांडून दाखवायचं, हे काम दर वेळी नव्याने लिहीत बसायला लागू नये म्हणून शिवप्रसादने एकच साचा, संगणकवाले त्यालाच क्लास म्हणतात, एकदाच लिहून ठेवला होता. त्यात भाजणी भरा, चकली पडेल. चकती बदलून बेसन भरा, शेव पडेल. सोऱ्या तोच. त्याचं नाव त्याने 'शोधक' ठेवलं होतं. कंपनीच्या ग्राहकांवर तो चालला. गावातल्या खतांच्या दुकानावर चालला. नाव टाकलं की त्या माणसाने काय काय नेलं ते झर्रकन पडद्यावर. एकदा लिहा आणि जन्मभर वापरा, असं तो म्हणे. आपण काहीतरी अजरामर केलं आहे, अशी त्याची खात्री पटत चालली होती. अशा वेळी माणसाला घरात कोंडून ठेवावं, पण शेषराव तेव्हा रानात होते.

शोधक भांड्यांवर चालवायचा तर कमिटीची परवानगी हवी. लिंबाजीकाकांनी बैठक बोलावली. कॉम्प्युटरमुळे देवळाचं लाइट बिल वाढेल का, यावर बराच वेळ गेला. मोबाइलवर होईल म्हटल्यावर मोबाइल चप्पल घालून वापरणार की काढून, यावर त्याहून जास्त गेला. पादत्राणे काढून शोध घेण्यास हरकत नाही, असा ठराव शेवटी एकमताने झाला आणि बायांना निरोप गेला की यंदा देवळात येऊ नका, भांडं घरपोच मिळेल. बायांना हे खरं वाटलं नाही. पण श्रावणातली कामं होती, निंदण तुंबलं होतं. त्या म्हणाल्या, पाहू.

सकाळी शिवप्रसाद सभामंडपात मांडी घालून बसला. एकेक भांडं फिरवून काठावर कोरलेलं नाव वाचायचं, मोबाइलमध्ये भरायचं, फोटो काढायचा. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात घेत नाहीत, त्यामुळे माहितीला तोटा नव्हता. काही नोंदी झाल्यावर त्याने शास्त्राप्रमाणे चाचणी घेतली. पहिली डेग लिंबाजीकाकांची; तिच्यावर नाव लिंबाजीचं. बरोबर. बादली देवस्थानची, तिच्यावर देवस्थान. बरोबर. कढई आचाऱ्याची; बरोबर. शोधक एकदाही चुकला नाही. शिवप्रसादच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि उरलेली भांडी त्याने गाणं गुणगुणत भरली.

मग वाटप. मोहनसिंगची जीप गोरेगाव ते सेनगाव भाड्याने धावते, ती दिवसभरासाठी ठरवली. एक फेरी गावात, दुसरी बाहेरगावच्या नावांसाठी. शिवप्रसाद मोबाइलवर बघून नाव पुकारी, मोहनसिंग भांडं उचली. दुपारच्या आत सभामंडप लख्ख रिकामा झाला. तो इतका मोठा आहे हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं. लिंबाजीकाका मधोमध उभे राहून म्हणाले, "शेषरावाला मी म्हणतच होतो, पोरगं वाया गेलेलं न्हाई." शिवप्रसाद घरी गेला तो जरा रुंद होऊनच गेला.

तो ताटावर बसला. मालनबाईंनी भाकरी वाढली आणि विचारलं, "आपली परात कुठं ठेवली रे?"

"कोणती परात?"

"पितळी. मंजुषाच्या साखरपुड्यात वैजनाथरावांनी दिलेली."

शिवप्रसादची धाकटी बहीण मंजुषा हिची सोयरीक पुसेगावच्या वैजनाथरावांच्या मुलाशी ठरली होती. साखरपुडा झाला होता, तारीख तेवढी काढायची होती. ती परात भंडाऱ्याला द्यायचं काही कारण नव्हतं. पण व्याह्यांनी केवढी परात दिली हे गावाने बघायला नको का, म्हणून मालनबाईंनी ती स्वतः डोक्यावरून देवळात नेली होती.

"वैजनाथराव, पुसेगाव असं लिहिलेली ना?" शिवप्रसाद घास चावत म्हणाला. "ती बराबर पोचली. मोहनसिंग घेऊन गेला."

"कुठं पोचली?"

"वैजनाथरावांकडं. नाव त्यांचं, तं परात त्यांचीच की."

मालनबाईंनी वाढायला घेतलेली दुसरी भाकरी परत टोपल्यात टाकली. माडीच्या जिन्यात उभी असलेली मंजुषा एक पायरी खाली आली आणि तिथेच बसली.

आता एवढं सांगायला हवं की शिवप्रसाद पाचवीपासून हिंगोलीला वसतिगृहात, तिथून पुण्याला. भांडं त्याने आयुष्यात फक्त वरच्या बाजूने पाहिलेलं. स्वतः विकत घेतलेल्या डेगेवर माणूस आपलं नाव घालतो हे खरं. पण घरातली बाकीची भांडी लग्नामुंजीत, वास्तुशांतीत आहेर म्हणून आलेली असतात, आणि आहेराच्या भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. घेणाऱ्याने जन्मभर ते वाचावं आणि आठवण ठेवावी, यासाठीच कोरणावळ भरलेली असते. खतांच्या दुकानात ज्याचं नाव त्याचा माल. भांड्यांत ज्याचं नाव, त्याने तो माल दिलेला. पण भरलंय ते भाजणी आहे की बेसन, हे सोऱ्या कधी विचारत नाही. आणि व्याह्याचा आहेर परत धाडणं म्हणजे काय, ते इकडे लेकरालाही सांगावं लागत नाही. सोयरीक मोडली, हे तोंडाने बोलायची लाज वाटते तेव्हा लोक आहेर परत धाडतात.

शिवप्रसादचा घास तोंडातच राहिला. तेवढ्यात गल्लीतल्या नानीबाई दारात उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा.

"लिंबाजीच्या पोराच्या लग्नात मी दिलेला डबा हा. माझ्याच घरी काहून आला?"

"नानीबाई, चूक झाली. तो कोणी भंडाऱ्याला दिला होता ते बघतो." शिवप्रसादने मोबाइल काढला. कोणाच्या घरून काय आलं ती कमिटीची वही त्याने शोधकात भरून ठेवली होती; भांड्यावरच नाव असताना वाटपात ती बघायची त्याला गरज वाटली नव्हती. "हा खालच्या गल्लीतल्या पेमाच्या घरून आला होता."

"पेमाकडून?" नानीबाईंनी डबा काखेत मारला. "मी दिला लिंबाजीला, आन् निघाला पेमाच्या घरी? म्हंजे लिंबाजीनं माझा डबा पेमाच्या वास्तुशांतीत फिरवला!"

त्या लिंबाजीकाकांच्या दाराकडे वळल्या तेव्हा काका मागच्या दाराने गोठ्यात गेले होते. पण गोठा किती वेळ पुरणार? गावातल्या प्रत्येक घरी त्या दुपारी आपण दिलेला आहेर परत आला होता, आणि प्रत्येक भांडं कोणी दिलं होतं आणि निघालं कोणाच्या घरून, हे शोधक न मागता दाखवत होता. आधी भांड्यांच्या दिवशी चार घरांचं बोलणं बंद पडे. यंदा बोलणं शिल्लक राहिलेली चार घरं शोधावी लागली असती.

शेषराव रानातून आले. सगळं ऐकून घेतलं. ते मोठ्याने बोलणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे घरात त्यांची फार भीती.

"जा पुसेगावला," ते म्हणाले. "परात घेऊन ये. परात असली तं घरात ये."

शिवप्रसादने मंजुषाकडे पाहिलं. रोज दुपारी जेवणं झाली की पुसेगावहून तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन वाजे आणि ती तो घेऊन परसात जाई. आज फोन तिच्या मांडीवर होता आणि गप्प होता. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मोहनसिंग बाहेरगावची फेरी करून परतला होता. "पोचवली ना शिवाभाऊ, सगळ्यात पहले वैजनाथरावांचीच," तो अभिमानाने म्हणाला. "त्यांनी पुसलं, हे काय? मी बोललो, शिवाभाऊनं याद ठेवून परत धाडली."

"याद ठेवून असं काहून बोलला रे?"

"इज्जतीनं बोलावं म्हणलं."

जीप पुसेगावच्या रस्त्याला लागली. मोहनसिंग वाटेभर धीर देत होता, आणि त्याच्या ओळखीतल्या ज्या ज्या सोयरिकी मोडल्या त्यांच्या हकिकती सांगत होता. शिवप्रसाद मनात पाठ करत होता: मामा, चूक झाली. मामा, नाव हा रकाना मी मालक म्हणून धरला. मामा, शोधकात दोष नाही, वापरात आहे. शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं होतं, पण ते बोलू नये एवढं शहाणपण अजून शिल्लक होतं.

वैजनाथराव ओसरीवर बाजेवर बसले होते. समोर परात. भोवती भावकी. कोणीही शिवप्रसादला बस म्हटलं नाही, पाणीही आलं नाही. शिवप्रसाद उभ्या उभ्याच बोलू लागला. रकाना, नोंद, शोध, चाचणी, सगळं सांगितलं. सोऱ्याचंही सांगितलं. भावकीतल्या एकाने दुसऱ्याला विचारलं, "चकलीचं काय म्हणून राहिला?"

वैजनाथरावांनी सगळं ऐकून हात वर केला. "चूक झाली म्हणता. बरं. पण गावानं पाहिलं. माझ्या दारात माझी परात भर दुपारी जीपमधून उतरली. आता मी तुमचं भांडं घरात ठेवून घेतलं तं लोक म्हणतील, यांचं परत आलं आन् ह्यांनी त्यांचं दाबून ठेवलं. साखरपुड्यात आलेलं शेषरावांचं पातेलं घेऊन जा. हिशोब बराबर होऊ द्या."

त्यांनी आत हुकूम सोडला. बाया घरातली भांडी ओसरीवर आणू लागल्या. घर मोठं, लग्नकार्यं पुष्कळ झालेली. तालुक्यातलं एकही गाव नसेल ज्याचं नाव त्या ढिगात नव्हतं. भावकी नावं वाचायला बसली, पण निम्म्यांचे चष्मे घरी होते आणि उरलेल्यांत एकेका नावावरून आठवणी निघू लागल्या.

वैजनाथराव वैतागले. "असं सकाळपर्यंत न्हाई व्हायचं." मग शिवप्रसादकडे वळून म्हणाले, "तुमचं ते यंत्र हाय ना? लावा ते. आन् शोधा पातेलं."

शिवप्रसादच्या मनाची काय अवस्था झाली ते त्यालाच माहीत. बहिणीचं लग्न मोडायला जे भांडं हवं, तेच शोधून द्यायचं, आणि तेही आपल्याच शोधकाने. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. कोणताही भला भाऊ इथे नाही म्हणाला असता. पण पुसेगावच्या भर सभेत कोणी आपण होऊन शोधक मागत होतं, आणि आजवर तो इतक्या आदराने कोणी मागितला नव्हता. शिवप्रसादने मोबाइल काढला.

तो पुन्हा मांडी घालून बसला. या खेपेला नाव भरताना त्याने रकान्याला 'देणारा' असं नाव दिलं, हेही सांगितलं पाहिजे. भावकी भोवती जमली. नाव टाकलं की भांड्याचा फोटो येतो हे बघून म्हातारे खूश झाले. एकाला त्याच्या मयत मावशीने दिलेली वाटी सापडली, तो डोळे पुसू लागला. सगळी भांडी भरून झाली. शिवप्रसादने घसा साफ केला, 'शेषराव, गोरेगाव' असं टाकलं आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा धरला.

काहीच सापडलं नाही.

"असं कसं?" वैजनाथराव म्हणाले. "साखरपुड्याला पातेलं दिलं, मी या डोळ्यांनी पाहिलं. यंत्र खोटं बोलून राहिलं."

इथे शिवप्रसाद आपण कोण आणि कुठे आलो ते विसरला. "मामा, मला काय बोलायचं ते बोला. शोधकाला खोटं म्हणू नका. जे भरलंच न्हाई ते तो कुठून दाखवंल? तुमच्याकडून एक भांडं यायचं राहिलं."

"माझ्या घरातून राहिलं?"

"व्हय. राहिलंच."

"माझ्या घरात भांडं लपवून ठेवलं म्हणता तुमी?"

दोघांचे आवाज चढले. वाद आता सोयरिकीचा उरला नव्हता. यंत्र खरं की घर खरं, एवढाच उरला होता, आणि भावकीचे दोन तट पडले होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात पार्वतीबाई येऊन उभ्या राहिल्या. वैजनाथरावांची बायको. हातात पळी.

"काहून ओरडून राहिले? ते पातेलं चुलीवर हाय."

"उतरव मंग," वैजनाथराव म्हणाले.

"त्यात वरण हाय. अर्धं शिजलंय."

"दुसऱ्यात काढ."

"दुसरं कशात काढू? घरातली सारी भांडी तुमी ओसरीवर मांडली." पार्वतीबाईंनी पळी पदराला पुसली. "आन् अर्ध्या शिजल्या वरणाचं पातेलं काढून द्यायची रीत आपल्या घरात न्हाई. शिजू द्या. मंग मोडा."

सगळे बसले. शिवप्रसादही बसला, आता त्याला कोणी उभं ठेवलं नाही. आतून तुरीच्या वरणाचा वास येऊ लागला, मग लसणाच्या फोडणीचा चर्र आवाज आला. भावकीतल्या एकाने यंदा तुरीवर कीड किती आहे ते विचारलं. शिवप्रसादने गोरेगावकडचं सांगितलं. मोहनसिंग दाराशी घुटमळत होता, त्यालाही कोणीतरी आत ये म्हटलं. वरण झालं तोवर दिवेलागण झाली होती, आणि जेवणवेळी दारात आलेला माणूस उपाशी धाडायचा नाही, ही रीत सोयरीक मोडण्याच्या रितीपेक्षा जुनी आहे. ढिगातली ताटं विसळून पुढे मांडली गेली.

शिवप्रसादने सकाळपासून एकच घास खाल्ला होता. लाजायचं त्याने ठरवलं होतं, पण भाकरीवर वरण पडलं आणि ते राहून गेलं. वैजनाथरावांनी दुसऱ्यांदा वरण मागितलं.

"आजकाल वरण बुडाला लागत न्हाई," ते म्हणाले. "पहिले दर वेळी लागायचं."

"पातेलं जाड बुडाचं हाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "लागतच न्हाई त्याच्यात. रोज त्याच्यातच करून राहिले मी."

"आईनं घेतलंय," शिवप्रसाद तोंडातला घास आवरत म्हणाला. "सेनगावला सगळी दुकानं पालथी घातली. बोटानं वाजवून वाजवून घेतलं. म्हणाली, माझ्या मंजुषाला रोज याच्यात रांधायचंय, बूड पातळ नको."

वैजनाथरावांनी वरण भाकरीत कालवलं, खाल्लं, ताटात हात धुतला आणि मग सावकाश म्हणाले, "त्या माउलीच्या पातेल्यातलं दोन दोनदा वाढून घेतलं. आता कोणत्या तोंडानं मोडू?"

"मंग ते पातेलं परत द्यायचं का न्हाई?" पार्वतीबाईंनी मुद्दाम विचारलं.

"परत कशाला? पातेलं आधी येऊन बसलंय. तुळशीचं लग्न झालं की पोरगी बी येईल." आणि शिवप्रसादच्या मोबाइलकडे बोट करून म्हणाले, "पण तुमचं यंत्र खरं बोललं बरं का. भांडं माझ्याच घरात राहिलं होतं."

शिवप्रसादला त्या क्षणी सोयरीक वाचल्याचा आनंद जास्त झाला की याचा, ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही.

परात रिकामी न्यायची नसते म्हणून पार्वतीबाईंनी तिच्यात गहू ओतले, वर नारळ ठेवला. मोहनसिंगने ती पुढच्या सीटवर ठेवली आणि शिवप्रसादला मागे बसवलं.

गोरेगावात जीप थांबली तेव्हा शेषराव ओसरीवर बसले होते, मालनबाई दारात, मंजुषा त्यांच्या मागे. शिवप्रसाद डोक्यावर परात घेऊन उतरला. गहू आणि नारळ बघून मालनबाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि तिथेच देवाला हात जोडले. आत मंजुषाचा फोन वाजायला लागला. तिने तो वाजू दिला.

"दादा," ती परातीला हात लावून म्हणाली, "तेवढं एक कर. मला त्या शोधकात घालू नको."

"काहून?"

"माझ्यावर बी देणाऱ्याचंच नाव कोरलेलं हाय. लग्न झाल्यावर एखाद्या दिवशी जीपमधून परत आणून सोडशील इथं."

शिवप्रसाद हसायला लागला, मालनबाईही हसल्या, मोहनसिंग तर जीपच्या बोनेटवर हात मारून हसला.

"आणलं तं आणलं," शेषराव ओसरीवरून म्हणाले. "आपलंच घर हाय." आणि मान खाली घालून ते पंचा शोधू लागले. उशाशी पाहिलं, खुंटीवर पाहिलं, बाजेखाली पाहिलं. पंचा त्यांच्या खांद्यावरच होता, पण तो कुठे आहे हे त्यांना कोणीच सांगितलं नाही.